इसाकु मामा काका निघाला

लग्नाच्या पत्रिकेत कोणाचं नाव कुठे बसवायचं, या एका विषयात रनाळ्याच्या भाग्येशचा हात धरणारा माणूस नंदुरबारात दुसरा नाही. नवनीतशेठच्या छापखान्यात तो संगणकावर पत्रिका जुळवतो. आजोबा निमंत्रकांत जातात, थोरले जावई कितीही मोठे साहेब असले तरी व्यवस्थापकांत जातात, आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची नावं वयाप्रमाणे न लावता त्यांच्या आयांच्या रागाप्रमाणे लावायची असतात, हे त्याला न सांगता कळतं. गिऱ्हाईक नावांचं चिठोरं टाकून चहाला गेलं, तरी ते परत येईपर्यंत भाग्येशने कोण कोणाचा साडू ते ओळखलेलं असतं. असा हा माणूस आयुष्यात दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा एकच चूक केली. काकाला मामा करून बसला.

दुसरी चूक जपानी होती. ती आधी सांगितलेली बरी.

चार वर्षांपूर्वी 'धुक्याचा घाट' नावाची एक जपानी ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची, मालिका फोनवर यायला लागली. तिच्यात एक डोंगर आहे, डोंगरावर धुकं आहे, धुक्यात माणसं गिळणारी जनावरं आहेत आणि ती जनावरं फक्त कंदिलाला भितात. इसाकु नावाचा एका हाताने थोटा, कपाळाला कायम आठ्या असलेला गृहस्थ घाटातले कंदील पेटते ठेवतो. त्याच्याजवळ हारुमा नावाचं एक अनाथ पोरगं असतं आणि चिसा नावाची त्याची स्वतःची मुलगी. बोलणं जपानीत, खाली इंग्रजी ओळी. भाग्येशला जपानी येत नाही, इंग्रजी वाचता येतं. रनाळ्यात बऱ्याच जणांना दोन्ही येत नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. पण पहिला भाग पाहून भाग्येशला राहवेना. त्याने तो अख्खा भाग अहिराणीत सांगून बारा मिनिटांचा आवाज चार मित्रांना पाठवला. पुढच्या आठवड्यात अकरा जणांनी मागितला. आता 'धुक्याचा घाट, नंदुरबार जिल्हा' या ग्रुपवर दोनशे बारा माणसं आहेत. नवापूरकडची रूथ नावाची नर्स आहे, तळोद्याहून डोंगरातल्या गावांना जीप नेणारा गोवाल आहे, आणि रनाळ्यातल्या अशा कित्येक बाया आहेत ज्यांनी मालिका कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. त्यांच्या लेखी इसाकु अहिराणीच बोलतो.

इंग्रजी ओळींत हारुमा इसाकुला 'अंकल' म्हणतो. इंग्रजीचा कारभारच तसा. काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा, शेजारचा, दुकानदार, सगळे एका शब्दात कोंबलेले. पत्रिका जुळवायची वेळ त्या लोकांवर कधी आलेली दिसत नाही. पहिल्या भागात इसाकु पोराला खांद्यावर घेऊन गुडघाभर बर्फातून चालतो, आपल्या वाटचा भाताचा गोळा त्याला देतो आणि स्वतः बर्फ खातो. ते पाहून भाग्येशने बिनदिक्कत 'मामा' म्हणून टाकलं. असं मामाच करतो. काका असता तर आधी बर्फाची वाटणी मागितली असती, असं त्याचं त्या वेळी मत होतं.

हे मत कुठून आलं ते कळायला पहिल्या चुकीकडे जावं लागतं.

भाग्येशचे वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले. त्यानंतर घर ओढलं ते वडिलांच्या धाकट्या भावाने, दोधूने. त्याचं घर भिंतीला भिंत लावून. दोधूकाका आधी भावाच्या शेतात पेरणी करायचा, मग आपल्या. भाग्येश दहावीला इंग्रजीत नापास झाला तेव्हा दोधूकाका त्याला एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून नंदुरबारला इंग्रजीच्या शिकवणीला घेऊन गेला, आणि पुढे वर्षभर रोज संध्याकाळी फाट्यावर उभा राहून पोरगं उतरतंय की नाही ते पाहत राहिला. उतरलं की हा पुढे चालू लागायचा. 'भूक लागली का' असं विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. विचारायचा ते 'काय शिकाडं', काय शिकवलं, एवढंच, तेही पुढे बघून. शहाद्याचे मामा मात्र दिवाळीला यायचे. भाग्येशला शर्ट, धाकट्या काजलला फ्रॉक आणि दोघांना मिळून फरसाणाचा पुडा आणायचे, गालगुच्चे घ्यायचे आणि भाऊबीज उरकली की दुसऱ्या सकाळच्या गाडीने जायचे. माया म्हणजे काय ते पोराने फरसाणावरून ठरवलं. त्या वयात दुसरं माप हाताशी नसतं.

पाच वर्षांपूर्वी काजलचं लग्न ठरलं. भाग्येशला छापखान्यात लागून महिना झाला होता, त्यामुळे पत्रिका तोच करणार हे उघड होतं. दोधूकाकाने वहीचा कागद फाडून, ओळी आखून, आपल्या हाताने मजकूर लिहून दिला. आता छापखान्यात पत्रिका कोणी कोऱ्या पानावर जुळवत नाही. जुनी फाईल उघडायची, तिच्यातली नावं पुसायची आणि नवी चढवायची. त्या जुन्या फाईलमधल्या वधूला काका नव्हता, मामा दोन होते. भाग्येशने नावं बदलली, नाती राहून गेली. 'श्री. दोधू यांची भाची' असं सोनेरी अक्षरांत पाचशे वेळा छापून आलं. खालच्या ओळीत काजल शहाद्याच्या मामांचीही भाची होतीच. म्हणजे पत्रिकेप्रमाणे दोधू हा आपल्या वहिनीचा भाऊ आणि आपल्याच सख्ख्या भावाचा मेहुणा ठरला. घरचंच काम म्हणून प्रूफ कोणी वाचलं नव्हतं. लक्षात आलं तोवर पत्रिका सहा गावांत पोचल्या होत्या.

चूक कोणाकडून होत नाही? दोधूकाका त्यावर फार तर आठ दिवस फुगून बसला असता. पण लग्नाच्या मांडवात नवनीतशेठने भाग्येशला चारचौघांत विचारलं की बाबा रे, हे काय छापलंस. नवी नोकरी, समोर शेठ, भोवती पाहुणे. भाग्येशच्या तोंडून निघून गेलं, "काकांनीच तसं लिहून दिलं होतं." दोधूकाका तिथेच पानसुपारीचं ताट घेऊन उभा होता. त्याने पुतण्याकडे एकदा पाहिलं.

"हा, मीच लिखी दिन्हं," तो शेठला म्हणाला, आणि ताट पुढे केलं.

त्या दिवसापासून दोधूकाका भाग्येशशी बोललेला नाही. भांडण नाही, तंटा नाही, शेताचा बांध जागच्या जागी. फक्त बोलणं नाही. गावाला मात्र फुकटची करमणूक मिळाली. डेअरीवर, गिरणीवर, मारुतीच्या पारावर त्याला 'दोधू मामा' म्हणायला लागले. सख्खे भाऊबंद म्हणायला लागले. त्याने कोणालाही, एकदाही, खरं काय ते सांगितलं नाही. आणि ज्या कागदावर त्याच्या ठळक अक्षरात 'पुतणी' लिहिलं होतं तो कागद भाग्येशच्या टेबलाच्या खणात, जुन्या नमुन्यांच्या खाली पडून होता. भाग्येशने तो टाकून दिला नाही आणि कोणाला दाखवलाही नाही. त्याला स्वतःची लाज वाटायची. काकाने एकदा तरी 'काय शिकाडं' विचारावं असं त्याला फार वाटायचं. दोनदा तो शेजारच्या ओट्यापर्यंत गेला. एकदा काकू बाहेर आली म्हणून परतला आणि एकदा कोणीच आलं नाही म्हणून परतला.

भिंत एक असल्याचा एक तोटा असा की तिकडचं इकडे ऐकू येतं. कौसाबाई काकूला कमी ऐकू येतं, तिचा फोन कायम पूर्ण आवाजात. भाग्येशने ग्रुपवर भाग टाकला की थोड्या वेळाने त्याचाच आवाज शेजारच्या घरातून यायचा, 'मंग इसाकु मामानी कंदील धरा' वगैरे. काकू ऐकते हे त्याला माहीत होतं. काका त्या वेळी घरात असतो की गोठ्यात, ते भिंतीतून कळत नव्हतं.

यंदा पितृपक्षात 'धुक्याचा घाट'ची पूर्वकथा आली. मूळ मालिकेत इसाकु दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मरतो. त्या आठवड्यात रनाळ्यात चार घरांत धड स्वयंपाक झाला नव्हता. पूर्वकथेत तो परत जिवंत, सोळा वर्षांचा आणि दोन्ही हात शाबूत. ती येणार म्हणून ग्रुपवर आधीचा महिनाभर दुसरा विषय नव्हता. पितृपक्षात लग्नाच्या पत्रिका बंद असतात, त्यामुळे छापखान्यात माश्या मारायचं काम तेवढं चालू होतं. रविवारी दुपारी अडीचला पहिला भाग आला आणि भाग्येशने तो शेठच्या खुर्चीत बसून पाहिला.

भाग चांगला होता. इसाकु आणि त्याचा थोरला भाऊ तोकुजी डोंगरावर पहिला कंदील चढवतात, तोकुजीला धुक्यातलं जनावर चाटून जातं, भाऊ भावाला पाठीवर टाकून खाली आणतो. त्याच दिवशी तोकुजीच्या बायकोला मुलगा होतो. सुईण ते पोर आणून इसाकुच्या हातात देते. इसाकु कपाळाला आठ्या घालून पोराकडे बघतो आणि काहीतरी पुटपुटतो. खाली इंग्रजी ओळ येते, भावाचा मुलगा. नाव हारुमा.

भाग्येशने भाग मागे घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घेतला. इंग्रजी भाषा आयुष्यात एकदा स्पष्ट बोलली, ती नेमकी इथे.

ग्रुपचा नियम असा, की ज्या पंधरा जणांना इंग्रजी ओळी वाचता येतात त्यांनी आधी आपल्या वेगळ्या छोट्या ग्रुपवर आपापलं पहिलं मत सांगायचं आणि मग संध्याकाळी बाकीच्यांसाठी भाग्येशचा अहिराणी भाग यायचा. मतं यायला लागली. एकाला तरुण इसाकुचे केस जरा जास्तच वाटले. एकाने सांगितलं की बर्फ मूळ मालिकेपेक्षा पांढरा आहे. शहाद्याच्या एका मास्तराने सुरुवातीच्या गाण्याला दहापैकी सहा गुण दिले आणि कारण विचारल्यावर आणखी एक कापला. मग तळोद्याहून गोवालचा आवाज आला. तो निम्मा हिंदीत आणि निम्मा मराठीत होता आणि पूर्ण घाबरलेला होता. हारुमा भावाचा मुलगा असेल तर इसाकु काका झाला, इसाकु काका झाला तर चिसा बहीण झाली, आता जीपच्या काचेचं काय करू, असं तो विचारत होता.

काचेचा विषय गंभीर होता. मामाच्या मुलीशी लग्न चालतं, तेव्हा हारुमा आणि चिसाचं जमावं म्हणून अख्खा ग्रुप चार वर्षं देव पाण्यात घालून बसला होता. गेल्या उन्हाळ्यात भाग्येशने हौसेने दोघांची पत्रिकाच जुळवली होती. चि. हारुमा, इसाकु यांचा भाचा, आणि चि. सौ. कां. चिसा, इसाकु यांची कन्या. आहेर आणू नये, धुकं असल्यास कंदील आणावा. गोवालने त्या पत्रिकेचा मोठा स्टिकर करून जीपच्या मागच्या काचेवर लावला होता, आणि ते लग्न गेले चार महिने सातपुड्याच्या घाटांतून रोज दोन खेपा करत होतं. आता ते भावाबहिणीचं निघालं.

छोट्या ग्रुपात दोन तट पडले. काका पक्षाचं म्हणणं, जे आहे ते आहे. मामा पक्ष मोठा होता आणि व्यवहारी होता. त्यांनी सुचवलं की अहिराणीत सांगताना तोकुजीला इसाकुचा भाऊ म्हणूच नये, मेहुणा म्हणावं, म्हणजे सगळं जुळतं. इंग्रजी वाचणारे पंधराच जण. पंधरा जणांनी तोंड बंद ठेवलं तर इसाकु जन्मभर मामा राहील आणि कोणाचं काही बिघडणार नाही. चौदा जण तयारही झाले.

भाग्येशला ही युक्ती मनापासून आवडली. काका म्हणायचं म्हणजे रनाळ्यासमोर कबूल करायचं, की ज्याचं पोट नात्यांवर चालतं त्याला काका आणि मामा ओळखता येत नाही, आणि हे दुसऱ्यांदा, ते गावाला माहीत नसलं तरी त्याला माहीत होतं. आणि लोक तेवढ्यावर थांबणार नव्हते. दोधूकाकाला चिडवणं गेल्या वर्षापासून जरा कमी झालं होतं, ते उद्या सकाळी डेअरीवर नव्याने सुरू झालं असतं. मेहुणा म्हणायला काय लागतं, एक शब्द तर बदलायचा.

पंधरावी रूथ होती. ती ड्युटीवरून सुटून उशिरा ग्रुपवर आली, आणि तिने कोणाच्या वादात न पडता आपलं पहिलं मत तेवढं सांगितलं. "मला तर पहिल्या भागापासून हा काकाच वाटत होता. पोराला भात देतो तेव्हा तोंड दुसरीकडे करतो. मामा असं नाही करत. मामाला दुसऱ्या दिवशी परत जायचं असतं, तो गोड बोलून घेतो. याला तिथेच राहायचं होतं."

भाग्येशने ते एकदाच ऐकलं. त्याला रनाळ्याचा फाटा दिसला आणि पुढे चालणारी पाठ दिसली. मग त्याने टेबलाचा खण उघडला, जुने नमुने बाजूला केले आणि तो आखलेला कागद काढून खिशात घातला. छापखान्याला कुलूप लावून तो घरी निघाला.

घरी आई, नर्मदाबाई, सुपात मूग पाखडत होती. ती वादात कधी पडत नाही आणि तिला विचारल्याशिवाय काही सांगत नाही. भाग्येशने तिला पाच वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं, की मी सांगतो ते काका ऐकतो का.

"तुन्हा आवाज निंघना का तो खाट भितडाकडे सरकावस," आई म्हणाली. सूप थांबलं नाही. "इसाकु मरना त्या रोज जेवना नई. कौसाबाईले सांगे, पोट बिघडेल शे."

संध्याकाळी सातला भाग्येश मागच्या खोलीत बसला आणि त्याने आवाज भरायला घेतला. नेहमी तो एका दमात भाग सांगतो. या वेळी सुरुवातीलाच अडला.

"रामराम बठासले. भाग सांगाना पयले एक सांगस. ज्याले मी चार साल मामा म्हणत व्हतू तो मामा नई शे, काका शे. चूक मन्ही शे, जपानवालास्नी नई. आनि मन्ही बहीण काजलना लगीननी पत्रिकामा बी मीच चुकनू. काकानी 'पुतणी' लिखी दिन्हं व्हतं. मी शेठले खोटं सांगं. काकानी मन्हावर काही येऊ दिन्हं नई."

मग त्याने पूर्वकथेचा पहिला भाग सांगितला, कंदील, जनावर, पाठीवरचा भाऊ आणि हातात दिलेलं पोर. सांगताना त्याचा आवाज दोन-तीनदा फाटला. पुन्हा भरायचा धीर नव्हता, म्हणून त्याने तो तसाच पाठवला. त्याच्याखाली त्या कागदाचा फोटो टाकला. पाच वर्षांनी का होईना, प्रूफ वाचून झालं.

थोड्या वेळाने शेजारी काकूचा फोन सुरू झाला. भाग्येश भिंतीला पाठ लावून आपलीच कबुली पूर्ण आवाजात ऐकत बसला. माणसाने स्वतःचा आवाज असा ऐकू नये, फार पडेल वाटतो. खाट सरकल्याचा आवाज आला का, ते त्याला कळलं नाही. भाग संपला. मग तिकडे दाराची कडी लागली.

ग्रुपवर मात्र चर्चा झाली. कागदाचा फोटो पाहून रनाळ्याच्या निम्म्या लोकांनी दोधूचं अक्षर चांगलं असल्याचं मत दिलं. मामा म्हणून हाक मारल्याबद्दल कोणी काही बोललं नाही, पण पाराशेजारच्या दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि रनाळ्याच्या मानाने ते पुष्कळच झालं. गोवालने काचेचा फोटो पाठवला. त्याने स्टिकर न काढता 'शुभविवाह'च्या जागी 'रक्षाबंधन' चिकटवलं होतं. बाकी मजकूर तोच. धुकं असल्यास कंदील आणावा.

सकाळी भाग्येश छापखान्यात जायला मोटारसायकल बाहेर काढत होता. शेजारच्या ओट्यावर दोधूकाका कडुनिंबाच्या काडीने दात घासत बसला होता, रोजच्यासारखा, रस्त्याकडे तोंड करून. भाग्येशने रोजच्यासारखी मान खाली घातली.

"आठे ये," दोधूकाका म्हणाला.

भाग्येशने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्याने गाडी स्टँडवर लावली आणि ओट्याजवळ जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते पाच वर्षं पाठ करून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

दोधूकाकाने चूळ भरली. काल काय सांगितलंस ते पुन्हा सांग, म्हणाला. भाग्येश म्हणाला की ते सगळं ग्रुपवर आहे, काकूच्या फोनमध्ये असेल.

"तू रडी ऱ्हायना व्हता. निम्मं समजनं नई," दोधूकाका म्हणाला. "तो मरस ते माले माहीत शे. त्याना पयले काय व्हयनं ते सांग. बठ."

भाग्येश ओट्यावर बसला आणि सांगू लागला. दुसऱ्याच वाक्याला काकाने त्याला थांबवलं, कारण भरल्या कंदिलाची वात तशी वर करत नाहीत, काजळी धरते. भाग्येशने ते जपानवाल्यांच्या वतीने मान्य केलं. पुढे जनावराला किती पाय होते ते काकाने दोनदा विचारलं. काकू चहा घेऊन आली, दोघांना एकत्र बसलेलं पाहून उंबऱ्यातच थांबली, मग काही झालंच नाही अशा तोंडाने चहा ठेवून आत गेली. छापखान्याची वेळ टळून गेली होती. शेवटी सुईणीने इसाकुच्या हातात पोर दिलं, इथवर गोष्ट आली.

"कितला दिनना व्हता पोऱ्या?" काकाने विचारलं.

"त्याच दिनना."

दोधूकाकाने कपातला चहा संपवला आणि कप ओट्याच्या कडेला ठेवला. तो रस्त्याकडेच पाहत होता.

"तू नऊ सालना व्हता," तो म्हणाला. "जड व्हता."

मग त्याने उशीर झाला, आता शेठ बोलेल, असं सांगून भाग्येशला कामाला पिटाळलं, आणि संध्याकाळी फाट्यावर थांबतो म्हणाला. भाग्येशकडे पाच वर्षांपासून मोटारसायकल आहे. त्या दिवशी तो एसटीने गेला.